विटी-दांडू लिहून ठेवा



आज मी विटी-दांडूवर बोलणार आहे. विषय ऐकून मागची मंडळी हसली. हसा, काही हरकत नाही. तुमच्या मनात आलं असेल, "गुरुजी, दिवसभर रानात राबून आम्ही इथं अक्षरं शिकायला येतो. हा तर पोरांचा खेळ. त्यात आमच्यासारख्या मोठ्या माणसांनी शिकायचं काय?"

तेच आज सांगतो.

तुम्ही नव्यानं लिहा-वाचायला शिकलात. आता तुम्हाला वाटतं, सगळी विद्या पुस्तकात असते आणि आपण आजवर कोरेच राहिलो. हे खरं नाही. तुमच्यापाशी पुष्कळ विद्या आहे. ती तोंडी आहे, कागदावर आलेली नाही, एवढंच. विटी-दांडू ही त्यातलीच एक. तुमच्या गावात तो जसा खेळतात, तसा तो फक्त तुम्हाला ठाऊक आहे. तुमच्या मुलांना तो अर्धामुर्धा येतो. नातवंडांना कदाचित नावापुरताच माहीत असेल. म्हणून हा विषय मी निवडला.

आधी खेळ कसा, ते पाहू. तुम्हाला तो पाठ आहे. तरी पण माहीत असलेली गोष्ट नीट क्रमानं सांगणं ही एक वेगळीच कला आहे.

खेळाला दोनच वस्तू लागतात. एक दांडू आणि एक विटी. दांडू हातभर ते दीड हात लांब असतो. विटी सहा-सात बोटं लांब, दोन्ही टोकांना निमुळती. बाभळीची एक वाळली फांदी आणि एक कोयता मिळाला की दोन्ही तयार होतात. पैसा लागत नाही. क्रिकेटला बॅट हवी, चेंडू हवा. विटी-दांडूला दुकानात जावं लागत नाही.

जमिनीत एक छोटी, लांबट खाच करतात. तिला गल म्हणतात. कुणी गल्ली म्हणतात. मग पोरं दोन बाजू पाडतात. एका बाजूचा डाव असतो, दुसऱ्या बाजूवर राज्य असतं.

डाव असलेला गडी गलीवर विटी आडवी ठेवतो. दांडूचं टोक खाली घालून तो ती जोरानं समोर उडवतो. याला विटी कोलणं म्हणतात. समोरच्यांनी ती वरच्या वर झेलली, तर गडी बाद. झेलता आली नाही, तर गडी दांडू गलीवर आडवा ठेवतो. समोरचा एक जण विटी पडली तिथून ती दांडूवर नेमून फेकतो. दांडूला लागली, तर गडी बाद. नाही लागली, तर गड्याला टोला मारायला मिळतो. जमिनीवरच्या विटीच्या टोकावर तो दांडू हलकेच आपटतो. विटी वर उडते. ती हवेत असतानाच सणसणीत टोला हाणायचा. त्या वेळी विटी जो आवाज करते, तो एकदा कानात बसला की जन्मभर जात नाही.

टोला बसला, विटी लांब पडली, की मोजणी सुरू होते. विटीपासून गलीपर्यंत दांडूनं जमीन मोजत यायचं. ही मोजणी एक, दोन, तीन अशी नसते. वकट, लेंड, मुंड, नाल, आर, डोळा, झंकू अशी असते. सात झाले की पुन्हा वकट. गावोगाव शब्द थोडे बदलतात. पण सुरुवात बहुतेक ठिकाणी वकट-लेंडनंच होते.

मोजणी ज्या शब्दावर संपेल, त्या शब्दाच्या रीतीनं पुढचा टोला मारायचा. कधी विटी पावलावर ठेवून उडवायची, कधी मुठीवर, कधी बोटांच्या बेचक्यात, कधी कोपरावर. डोळा आला की मान मागं टाकून, डोळा मिटून, त्यावर विटी ठेवायची. कोणत्या शब्दाला कोणती रीत, हे प्रत्येक गावाचं आपापलं ठरलेलं असतं.

आता जरा हिशेब पाहू. समजा, विटी ४० दांडूंवर पडली. दांडू दीड फुटाचा असेल, तर ती ६० फूट लांब गेली. सात पंचे पस्तीस. म्हणजे मोजणीच्या पाच फेऱ्या पुऱ्या झाल्या. वर उरले पाच. पाचवा शब्द आर. म्हणून पुढचा टोला आरच्या रीतीनं. याला शाळेत भागाकार आणि बाकी म्हणतात. पोरं तो भागाकार धुळीत बसून करतात. कुणी शिकवलेलं नसतं.

माझ्या शाळेत एक मुलगा सातच्या पाढ्यापाशी नेहमी अडखळायचा. फळ्यापाशी उभं केलं की त्याला घाम फुटायचा. एके दिवशी मी त्याला विचारलं, "विटी ५२ दांडूंवर पडली. पुढचा टोला कोणता रे?" त्यानं थोडे ओठ हलवले आणि म्हणाला, "मुंड." बरोबर होतं. साती साती एकोणपन्नास, वर तीन, आणि तिसरा मुंड. पाढा त्याला येत होता. तो आपल्याला येतो, हेच त्याला कुणी सांगितलं नव्हतं. तुमचंही पुष्कळसं असंच आहे.

काही गावांत आणखी एक रीत आहे. टोला मारल्यावर गडी अंदाजानं दांडू मागतो. म्हणतो, "तीस द्या." समोरच्यांना पटलं, तर ते देतात. नाही पटलं, तर मोजतात. मोजून तीस भरले नाहीत, तर गडी बाद. म्हणून तो हावरटपणा करत नाही. आणि समोरचेही उगाच नाही म्हणत नाहीत, कारण मोजायला वाकावं त्यांनाच लागतं. खरं बोलायची सवय लावायला यापेक्षा सोपी शाळा मला ठाऊक नाही.

आता या शब्दांकडे या. वकट, लेंड, मुंड, नाल. हे कुठले शब्द? मराठीत तर एकाला वकट म्हणत नाहीत. हे आकडे तेलुगू भाषेचे आहेत. तेलुगूत एकाला ओकटि म्हणतात, दोनाला रेंडु, तिनाला मूडु, चाराला नालुगु. आपल्या पोरांच्या तोंडी त्यांचे वकट, लेंड, मुंड, नाल झाले. तेलुगूत आरु म्हणजे सहा. आपल्या पोरांनी तो आर करून पाचाच्या जागी बसवला! पुढचा डोळा तर उघड मराठीच आहे.

पाहा कशी गंमत आहे. ज्यानं तेलुगू माणूस कधी पाहिला नाही, असा कोकणातला पोरगाही तेलुगूत मोजतो. चांदा, नांदेडकडे मराठी आणि तेलुगू माणसं शेजारी शेजारी राहतात. माणसं एकमेकांत मिसळली, की पोरं आधी खेळ उचलतात. मग शब्द आपोआप येतात. त्यांना कुणी जात विचारत नाही, भाषा विचारत नाही.

आणि हा खेळ आपल्यापुरताच नाही. हिंदी मुलखात त्याला गिल्ली-डंडा म्हणतात. बंगालात डांगुली, तमिळ मुलखात किट्टिपुळ्ळु. इंग्लंडातली, इटलीतली पोरंही अशीच दोन्ही टोकांना निमुळती काडी दांड्यानं उडवत आली आहेत.

खेळ जुनाही आहे. तुकाराम महाराजांच्या गाथेत विटी-दांडूवर अभंग आहेत. चेंडू-फळीवर आहेत. चेंडू-फळी म्हणजे चेंडू फळीनं टोलवण्याचा खेळ. महाराज सतराव्या शतकातले. म्हणजे साडेतीनशे वर्षांपूर्वीही गावातली पोरं हे खेळ खेळत होती, आणि संतांना त्यांचं वावडं नव्हतं. उलट देवाची गोष्ट सांगायला त्यांनी खेळाचाच दाखला घेतला. तेव्हा उद्या पोरगं खेळताना दिसलं, की लगेच "वाया गेला" म्हणून ओरडू नका.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. ती आहे लिहिण्याची.

मी ज्या गावी नोकरीला होतो, तिथं वरची आळी आणि खालची आळी अशा दोन वस्त्या होत्या. सुगी झाली, खळी मोकळी झाली, की दोन्हीकडची पोरं एकत्र खेळायची. एका वर्षी भांडण झालं. वरच्या आळीचे म्हणाले, टोला मारायला तीन वेळा संधी. खालच्या आळीचे म्हणाले, एकदाच. दोघंही म्हणत, आमच्या आजोबांपासून असंच आहे. आणि दोघंही खरं बोलत होते. दोन आळ्यांच्या रीतीच वेगळ्या होत्या. पोरं हातघाईवर आली. पोरांचं भांडण बापांकडे गेलं. बापांनी त्यात जुनी बांधाची भांडणं मिसळली. संध्याकाळी चावडीपुढं दोन्हीकडची माणसं काठ्या घेऊन उभी राहिली. कारण काय, तर एक लाकडाची विटी!

त्या वेळी गावातल्या एका म्हाताऱ्या धनगरानं तोड काढली. तो म्हणाला, "सगळ्यांना बसवा. एकेक नियम बोला. दोघांना पटेल तो लिहा." त्याला स्वतःला अक्षर येत नव्हतं. खालच्या आळीची एक बाई नुकतीच रात्रीच्या वर्गात लिहायला शिकली होती. तिला पाटी दिली. म्हातारा विचारायचा, दोन्ही बाजू बोलायच्या, बाई लिहायची. नऊ नियम ठरले. टोल्याला दोन वेळा संधी, असा मधला मार्ग निघाला. दुसऱ्या दिवशी ते नऊ नियम शाळेच्या भिंतीवर गेरूनं लिहिले.

त्यानंतर भांडण झालंच नाही, असं मी म्हणणार नाही. पोरं ती पोरंच. पण भांडण झालं की एक जण धावत भिंतीपाशी जायचा आणि मोठ्यानं वाचायचा. तिथं ते मिटायचं. बापांपर्यंत जायचं नाही.

बोललेला नियम ज्याचा आवाज मोठा, त्याच्या बाजूला जातो. लिहिलेला नियम सगळ्यांना सारखा असतो. तो सावकाराला आणि सालगड्याला एकच गोष्ट सांगतो. तुम्ही अक्षरं शिकता, त्याचा हा एक मोठा उपयोग आहे. मग तो नियम खेळाचा असो, पाण्याच्या पाळीचा असो, की मजुरीचा असो.

आपल्याच दुसऱ्या खेळांचं काय झालं, तेही पाहा. खो-खो हा असाच गावचा खेळ. १९१४ साली पुण्यात जाणत्या मंडळींनी एकत्र बसून त्याचे नियम बांधले. नियम कागदावर आले म्हणून एका गावचा संघ दुसऱ्या गावच्या संघाशी खेळू शकला. पुढं जिल्हा जिल्ह्याशी, प्रांत प्रांताशी खेळला. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीला खो-खोची पहिली विश्वचषक स्पर्धा झाली. पुरुषांत आणि स्त्रियांत, दोन्हींत भारत जिंकला. पुरुषांच्या संघाचा कप्तान प्रतीक वाईकर आणि स्त्रियांच्या संघाची कप्तान प्रियांका इंगळे. दोघंही आपल्या महाराष्ट्रातले. आपल्या हुतुतूचा भाऊबंद कबड्डी, तोही १९९० साली बीजिंगच्या आशियाई स्पर्धेत खेळला गेला आणि भारतानं सुवर्णपदक आणलं.

विटी-दांडूनंही असंच जगभर गाजावं, असा माझा हट्ट नाही. तो गावात टिकला तरी पुष्कळ झालं. पण टिकायला तीन गोष्टी लागतात. नियम, जागा आणि डोळ्यांची काळजी. नियमांचं सांगितलं. आता जागेचं सांगतो.

पूर्वी सुगीनंतर खळी मोकळी असत. गावाभोवती गायरान होतं. आता मळणी यंत्रावर होते, खळी राहिली नाहीत. गायरानात घरं झाली. पोरं गल्लीत खेळतात. तिथं गाड्या येतात, म्हातारी माणसं बसलेली असतात. मग कुणी तरी दांडू हिसकावून चुलीत घालतं. पोरं घरात बसतात आणि मोबाईलवर दुसऱ्याचा खेळ पाहतात. यात दोष त्यांचा किती आणि आपला किती, हे आपणच ठरवावं.

२००९ साली शिक्षण हक्काचा कायदा झाला. त्यात शाळेला खेळाचं मैदान असावं, असं लिहिलेलं आहे. तुमच्या शाळेला मैदान आहे का, ते पाहा. असेल, तर त्यावर कुणी कडब्याच्या गंजी रचल्या आहेत का, तेही पाहा. मैदान नसेल, तर ग्रामसभेत विचारा. नुसतं बोलू नका. अर्ज लिहा. अर्ज कसा लिहायचा, तो धडा आपण केला आहे. खाली सगळ्यांनी सही करा. अंगठ्याचे दिवस आता गेले.

आता डोळ्यांचं सांगतो. हे सगळ्यांनी, विशेषतः आयांनी, नीट लक्षात ठेवावं.

विटी लहान असली, तरी टोला बसला की ती गोळीसारखी येते. तिचं टोक डोळ्याला लागलं, तर डोळा जाऊ शकतो. माझ्या एका विद्यार्थ्याचा असाच गेला. विटी लागल्यावर घरच्यांनी मायेपोटी डोळ्यात दूध घातलं. मग कुणी सांगितलं म्हणून पाल्याचा रस घातला. दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी दवाखान्यात नेलं, तेव्हा फार उशीर झाला होता. पोरगा आज मोठा झाला आहे, चांगली शेती करतो. पण एकाच डोळ्यानं.

म्हणून आधी काळजी घ्या. विटीची टोकं सुईसारखी करू नका. थोडी घासून बोथट करा, तरी ती चांगली उडते. वाटेवर, गल्लीत खेळू देऊ नका. लहान पोरांना बघायचं असेल, तर त्यांनी टोला मारणाऱ्याच्या पाठीमागं लांब बसावं. राज्य असणाऱ्यांनी अगदी जवळ येऊन उभं राहू नये. किती पावलं लांब राहायचं, हे नियमातच लिहा.

आणि एवढं करूनही लागलंच, तर डोळा चोळू नका. दाबू नका. दूध, तूप, मध, काजळ, पाल्याचा रस, काही काही घालू नका. काडी रुतली असेल, तर ती आपण उपसू नका. एक स्वच्छ लहान वाटी डोळ्यावर उपडी धरा. तिच्या कडा भोवतालच्या हाडावर टेकू द्या, डोळ्यावर दाब येऊ देऊ नका. तशाच अवस्थेत पोराला लगेच डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्या. वरून काही दिसत नसलं, दुखणं कमी झालं, तरी न्या. आतली जखम बाहेरून दिसत नाही. उद्यावर ढकलू नका.

इथं कुणी म्हणेल, एवढा धोका असेल तर खेळच बंद करावा. विहिरीत पोरगं बुडतं म्हणून आपण विहिरी बुजवत नाही. कठडा बांधतो आणि पोराला पोहायला शिकवतो. खेळाचंही तसंच.

मुलींचंही एक सांगायचं आहे. आमच्या लहानपणी विटी-दांडू मुलग्यांचाच मानत. मुलींनी सागरगोटे खेळावेत. पण तुमच्यातल्या किती मावश्या लपून टोले मारत होत्या, ते तुमच्या चेहऱ्यावरून मला आत्ता दिसतंच आहे! आता लपायचं कारण नाही. भिंतीवर नियम लिहाल, तेव्हा पहिलाच नियम असा लिहा : "हा खेळ गावातल्या सगळ्या मुलामुलींचा आहे." त्यात आळीचा, वाड्याचा, जातीचा भेद नाही, हेही लिहा. काही गावांत एकेकाळी काही पोरांना खेळात घेत नसत. ती बांधावर बसून बघत राहत. तसं पुन्हा होता कामा नये.

तर पुढच्या आठवड्याचं काम सांगतो.

चार-चार जणांचा गट करा. प्रत्येक गटात एक तरी म्हातारं माणूस घ्या, त्याला अक्षर येत नसलं तरी चालेल. त्याच्याकडून आपल्या गावची विटी-दांडूची रीत विचारून घ्या. गलीला तुम्ही काय म्हणता? विटी किती बोटं? दांडू किती हात? मोजणीचे सात शब्द कोणते? कोणत्या शब्दाला कोणती रीत? टोल्याला संधी किती? गडी केव्हा बाद? हरलेल्यानं काय करायचं? एका ओळीत एक गोष्ट लिहा. शब्द तुमच्या बोलीतलेच ठेवा. पुस्तकी करू नका. शुद्धलेखन चुकलं, तर ते आपण इथं मिळून सुधारू.

मग सगळे कागद एकत्र वाचू. जिथं मेळ बसणार नाही, तिथं वाद घालू. शेवटी जे ठरेल, ते शाळेच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहू. अक्षर वळणदार नसलं तरी चालेल. दहा वर्षांच्या पोराला दुरून वाचता आलं पाहिजे.

आणि रविवारी ऊन उतरल्यावर सगळ्यांनी पोराबाळांसह शाळेच्या मैदानात या. येताना बाभळीची एक फांदी आणि कोयता आणा. माझे गुडघे आता धावायला देत नाहीत. मी मोजणीला बसेन.